अर्ध्या सेंटची बस

आईवडील सोडले तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी एकच नाव घेतो: अ‍ॅरिझोनातले भालचंद्र सबनीस. आणि हे नाव घेतलं की डोळ्यांपुढे येतो तो रविवारी सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून, छत्री उघडून, पायाशी चहाचा थर्मास ठेवून बसची वाट बघत बसलेला एक माणूस.

त्या रस्त्यावरून बस जात नव्हती. कधीच गेली नव्हती. सबनीसकाकांना हे चांगलं ठाऊक होतं.

येणारीजाणारी एखादी गाडी थांबे. काच खाली करून आतला माणूस सांगे, की साहेब, इथे बस येत नाही. काका शांतपणे म्हणत, "माहीत आहे. म्हणूनच वाट बघतोय. येत असती तर एवढा वेळ कशाला बसलो असतो?" मग ते त्याला चहा विचारत. काही जण चहा घेत, बहुतेक जण काच वर करत. एकदा पोलिसांची गाडी थांबली. मी शेजारीच उभा होतो, आणि विद्यार्थी म्हणून व्हिसावर आलेल्या मुलाला पोलिसांची गाडी बघून जे वाटतं ते मला वाटत होतं. पोलिसानं काकांना विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, घर कुठे आहे, घरी कोणी आहे का. त्याला वाटलं, माणूस वाट चुकला आहे. काकांनी त्याला समजावून सांगितलं, की मी बरोबर जागी बसलो आहे, वाट चुकली आहे ती या गावाची. पोलीस जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, यांच्याकडे लक्ष ठेव. पुढची काही वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं.

मी उमरखेडचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावी शाळा शिकलो, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. ऐंशीच्या दशकात फिनिक्सजवळच्या युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलो, तेव्हा माझी राहायची सोय ऐनवेळी बिघडली. विमानतळावर मला घ्यायला आलेले सबनीसकाका तिथल्या मराठी लोकांच्या मंडळाकडून मिळालेले, पूर्ण अनोळखी. त्यांनी माझी बॅग डिकीत टाकली, गाव कोणतं ते विचारलं आणि म्हणाले, "चल उमरखेड, नंदिनीची खोली रिकामी आहे." नंदिनी त्यांची मुलगी, कॅलिफोर्नियात कॉलेजला होती. त्या दिवसापासून मी उमरखेड झालो. माझं खरं नाव निर्मलाकाकूंना ठाऊक होतं. काकांना होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

काका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. गाव फिनिक्सच्या बाहेर, वाळवंट सपाट करून वसवलेलं. रस्ते रुंद, घरं ऐसपैस, आणि दुधाचा डबा आणायचा तरी गाडी काढावी लागे. काका रोज सकाळी मला युनिव्हर्सिटीत सोडत आणि मग उलट्या दिशेला आपल्या कारखान्यात जात. मी कधी संकोचून काही बोलायला लागलो की म्हणत, "पुस्तक उघड. वाचत बस." माझी एक पदवी युनिव्हर्सिटीची असेल, दुसरी मी त्या गाडीत मिळवली.

काकांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं: बसमध्ये बसलेली आणि न बसलेली. त्यांचं तरुणपण सांगली-मिरजेच्या एसटीत गेलेलं. तिघांच्या बाकाशी चौथा आला की 'जरा सरकून घ्या' म्हणायचा, आणि लोक सरकायचे. कोणी हसत, कोणी कुरकुरत, पण सरकायचे. "इथे प्रत्येक जण आपल्या गाडीत एकटा. सरकणार कोण, आणि कोणासाठी?" एखाद्याचं कौतुक करायचं तर काका त्याला हुशार किंवा सज्जन म्हणत नसत. 'सरकून घेणारा माणूस आहे' म्हणत. कारखान्यातला त्यांचा मॅनेजर सरकून घेणारा होता. आमचा वाणसामानाचा दुकानदार नव्हता. मी लायसन काढायला त्यांच्या हाताखाली गाडी शिकलो तेव्हा पार्किंगमध्ये दोन खांबांमधली सगळी जागा अडवून गाडी लावली, तर म्हणाले, "जरा सरकून घे. शेजाऱ्याचं दार उघडायला नको?"

निर्मलाकाकूंची तऱ्हा वेगळी. त्यांना गाडीत बसल्यावर समालोचन करायची सवय होती. "डावीकडून पांढरी व्हॅन. डावीकडून सायकलवाला. थांबला तो, जाऊ द्या." काका हूं हूं करत चालवत. मंडळातले लोक थट्टा करत, की सबनीसांच्या गाडीत रेडिओ लागत नाही, वहिनी लागतात.

त्या वर्षी आमच्या गावात एक प्रस्ताव आला. तिथे काही विकत घेतलं की किमतीवर शहराचा विक्रीकर लागे. त्यात डॉलरमागे अर्धा सेंट वाढवायचा आणि ती भर फक्त बससेवेसाठी वापरायची, असं ठरत होतं. मात्र मतदारांनी मतदान करून हो म्हटलं तरच. हे वाचल्यापासून काका हरखून गेले होते. "आपल्याकडे कर लागल्यावर कळतं. हे लोक आधी विचारतायत. इतक्या अदबीनं विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

मतदान पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात होतं, पण काकांनी त्याच महिन्यापासून त्यात जीव ओतायला सुरुवात केली. रविवारची खुर्ची तेव्हाचीच. नंदिनीला मैत्रिणीकडून ते कळलं, तिनं फोन केला. ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू आर एम्बॅरसिंग मी." काका म्हणाले, "मग तू ये आणि शेजारी बस. दोन माणसं असली की स्टॉप वाटतो."

शेजारच्या मिसेस हॉलंड, निवृत्त शिक्षिका, बसच्या बाजूनं प्रचार करणाऱ्या समितीचं काम बघत. काकांनी त्यांना शब्द दिला, की गावातली सगळी मराठी घरं माझ्याकडे लागली. आणि मंडळाच्या गणपतीत, आरतीला सगळे उभे राहिले असताना, काकांनी आरतीचं तबक हातात घेऊन भाषण सुरू केलं. कापूर पेटला होता, मोदक झाकून ठेवले होते, कोणाला पळायला वाट नव्हती. अर्धा सेंट म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर अर्धा डॉलर, म्हातारी माणसं, पोरं, गाडी न चालवणाऱ्या बायका, सगळं त्यांनी सांगितलं. कापूर विझत आला तेव्हा विचारलं, कोण कोण हो म्हणणार? मोदकांकडे बघून सगळ्यांनी हात वर केले.

एक डॉक्टर कर्णिक सोडून. हाडांचे डॉक्टर, दारात दोन लांबलचक गाड्या. ते म्हणाले, "सबनीस, तुमची बस आली की मला हाक मारा. मी टाटा करायला येईन." हॉल हसला. काकाही हसले, पण घरी येताना एका चौकात लाल दिवा असताना त्यांची निम्मी गाडी पुढे गेली. काकू ओरडल्या, डावीकडून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न वाजवला, आणि आमची गाडी चौकाच्या तोंडाशी थडथडत थांबली.

आठवड्यानं मिसेस हॉलंड आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. काकांनी दिलेली नावं त्यांनी मतदारांच्या नावांशी ताडून पाहिली होती. त्या अवघडून म्हणाल्या, की यातलं एकच नाव तिथे आहे, डॉक्टर कर्णिक.

काकांना आधी वाटलं, कारकुनाची चूक असेल. मग मिसेस हॉलंडनी हळूच विचारलं, तुम्ही लोक सिटिझन आहात ना? काका म्हणाले, ग्रीन कार्ड आहे, वीस वर्षं इथे आहोत, कर भरतो. राष्ट्राध्यक्ष निवडायला सिटिझन लागतो हे त्यांना ठाऊक होतं. बसला कशाला लागेल? अर्धा सेंट आपल्याच खिशातून जाणार, तर हो-नाही आपल्यालाच विचारणार, असं ते धरून चालले होते. आणि मंडळातलं एकही घर त्यांना हे सांगायला पुढे आलं नव्हतं, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं, किंवा काहीच वाटत नव्हतं. कर्णिक सोडले तर आमच्यातल्या प्रत्येक घरात निळे भारतीय पासपोर्ट जपून ठेवलेले होते. एक दिवस परत जायचं होतं ना. 'पोरांचं शिक्षण झालं की', 'घर विकलं की', 'पुढच्या वर्षी'. परत जायची तयारी म्हणून अख्ख्या मंडळानं इथला मताचा हक्क घेतला नव्हता, आणि परत कोणीच गेलं नव्हतं. मत असलेला माणूस एकच, तोही टाटा करणारा.

मिसेस हॉलंडना दारापर्यंत पोचवून काका परत टेबलाशी येऊन बसले. मग म्हणाले, "मी सिटिझन होतो."

काकूंच्या हातातलं उलथनं थांबलं. त्यांचे आणि काकांचे पासपोर्ट देवांच्या खालच्या कप्प्यात, कुंकवाच्या डबीशेजारी असत. सांगलीला आपण परतू, हे काकांनी त्यांना लग्नानंतर चार वर्षांनी, विमानात बसताना कबूल केलं होतं. भारत सरकार दोन देशांचं नागरिकत्व देत नाही. इथली शपथ घेतली की तो पासपोर्ट गेला. एका बससाठी? एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर कित्येक महिने त्या काकांशी बोलल्या नाहीत.

म्हणजे बोलत, पण माझ्यामार्फत. "त्यांना सांग, जेवण वाढलंय." काका समोरच बसलेले. "तिला सांग, आलो." हातभर अंतरावर बसलेल्या दोन माणसांमधला मी टपाल खात्याचा माणूस झालो. सुरुवातीला हसू यायचं. नंतर येईना. रात्री भांडी घासताना काकू एकदा मला म्हणाल्या, की मी सांगलीला असताना रोज एसटीनं कवठ्याच्या शाळेत शिकवायला जात होते, एकटी. परत येताना वाटेत उतरून मैत्रिणीकडे जायचे, भाजी घ्यायचे, मनाला येईल तेव्हा घरी. इथे येऊन लायसनही काढलं होतं. मग एकदा फ्रीवेवर चढताना मागून गाडी आदळली, गाडी गरकन फिरली. कोणाला काही लागलं नाही, पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की हात थरथरतात. "तेव्हापासून हे नेतील तिथे मी जाते," त्या म्हणाल्या. "परत जायचं तेवढं एक हातात होतं."

अर्ज जाऊन बसला होता. मुलाखतीचं बोलावणं येईना. मतदार म्हणून नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या आधीच संपणार होती. मिसेस हॉलंड रोज कुंपणावरून विचारत, आणि काका रोज टपालाच्या पेटीत हात घालून रिकामा काढत. नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न ते मला मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः वाचत नसत. म्हणत, "कानांनी केलेलं पाठांतर टिकतं, ही आपली जुनी रीत." मी वाचायचो, ते डोळे मिटून उत्तरं द्यायचे. सिनेटर किती वर्षांसाठी, कायदा कोण करतं. एखादं चुकलं तर रागानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारत.

उन्हाळ्यात बोलावणं आलं. मुलाखतीच्या सकाळी काका टाय लावून दाराशी आले, तर काकू वाटी घेऊन उभ्या. त्यांनी एक शब्द न बोलता काकांच्या तळहातावर दही-साखर घातली. काकांनी ती खाल्ली. मग काकू आत गेल्या, आणि काकांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ही गाडी त्यांनी कोणालाही चालवू दिली नव्हती. मला शिकवलं तेही कारखान्यातल्या मित्राच्या जुन्या गाडीवर.

"तू चालव," ते म्हणाले.

आम्ही फ्रीवेवर लागलो. मग समोर बघत म्हणाले, "उमरखेड, मला डावीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. पुढचं लायसन मिळायचं नाही."

मी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवली. एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. मग विचारलं, काकूंना माहीत आहे का?

"नाही. तिला सांगायचं नाही. सांगितलं की ती उद्या गाडी शिकायला निघेल. त्या थरथरत्या हातांनी. मला चालेल का?" मग म्हणाले, "सांगलीला ती कोणाला विचारून बाहेर पडत नव्हती. मी तिला इथे आणली आणि वीस वर्षं माझ्या गाडीत बसवून ठेवली. आता माझीच गाडी बंद होणार. मग ती त्या घरातून बघणार काय, निवडुंग? परत जाऊ म्हणशील, तर नंदिनी इथे आहे, तिला सोडून हिला करमणार नाही, मला माहीत आहे. म्हणून बस पाहिजे. दारातून चढायला मिळेल अशी."

आणि मग मला काकूंचं समालोचन आठवलं. ते नेहमी डावीकडचं असे. मी काकांना हे सांगितलं नाही. काकूंनी ज्या कारणासाठी ते सांगितलं नव्हतं, त्याच कारणासाठी.

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानं सगळे प्रश्न विचारून झाल्यावर विचारलं, इतकी वर्षं अर्ज का केला नाहीत, आणि आता का करता? काका म्हणाले, बससाठी. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. थट्टा केली तर अर्ज फेटाळतात, असं काकांनी ऐकलं होतं. पण बोललेला शब्द मागे घेणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी अर्धा सेंट समजावून सांगितला. अधिकारी ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, की माझी आई तुमच्याच गावात राहते. बाहेर येऊन काकांनी हे मला सांगितलं आणि पुढे म्हणाले, "सरकून घेणारा माणूस दिसतो."

शपथेचा दिवस मुदतीच्या अगदी तोंडावर आला. कोर्टाच्या त्या मोठ्या खोलीत पन्नास देशांची माणसं हात वर करून उभी होती, आणि काका त्यांच्यात ताठ. बाहेर मिसेस हॉलंड मतदार नोंदणीचा कागद घेऊन थांबल्या होत्या. त्यांना तो अधिकार होता. काकांनी तिथेच भिंतीला टेकवून सही केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, बसचं की सांगलीचं, हे मी विचारलं नाही.

मतदानाच्या आठवड्यात काका मला घेऊन डॉक्टर कर्णिकांकडे गेले. मी चालवत होतो, आणि रस्ताभर मला वाटत होतं, की आता हे डोळ्यांचं सांगतील. डॉक्टर माणूस, त्याला कळेल. कर्णिकांनी सरबत दिलं आणि विचारलं, की सबनीस, दोन गाड्या दारात असताना मी तुमच्या बसला का पैसे द्यायचे? मी तोंड उघडलं. काकांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मला कळलं. कर्णिकांना सांगितलं की मिसेस कर्णिकांना कळणार, आणि मिसेस कर्णिकांना कळलं की संध्याकाळपर्यंत निर्मलाकाकूंना. जिंकायचं एकच पान हातात होतं आणि ते टाकायचं नव्हतं.

"काय मत द्यायचं ते द्या," काका म्हणाले. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण जा आणि मत द्या, डॉक्टर. आमच्या एवढ्या घरांत इतकी वर्षं या गावानं विचारलं ते फक्त तुम्हाला."

कर्णिक आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले, जे ते कोणासाठी करत नसत.

मतदानाच्या दिवशी काकूही आल्या. बाहेरच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. काका आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. भिंग घेऊन एकेक ओळ वाचत होते. त्या रात्री कोणी झोपलं असेल असं वाटत नाही. पहाटे वर्तमानपत्र अंगणात पडल्याचा आवाज झाला, आणि काकू चप्पल न घालता धावल्या. दारातच उभं राहून त्यांनी वाचलं. मग काकांना म्हणाल्या, माझ्यामार्फत नाही, थेट: "झालं तुमच्या मनासारखं."

थोडक्या मतांनी झालं होतं. पुढचा महिनाभर मंडळातले सगळे एकमेकांना 'आपल्यामुळेच' असं सांगत होते, ज्यांना मत नव्हतं तेही. कर्णिकांनी काय केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकांनी गाडी चालवणं सोडलं, आणि विचारणाऱ्याला सांगितलं, की हे तत्त्वासाठी आहे. काकू मान डोलवत.

कर गोळा होऊन, बसगाड्या येऊन, मार्ग आखून व्हायला वर्षाच्या वर गेलं. मी तोवर एमएस संपवून पीएचडीला लागलो होतो, आणि माझ्या जुन्या गाडीनं दोघांना बाजारहाट घडवत होतो. आमच्या कोपऱ्यावर थांब्याचा खांब लागला. बस सुरू व्हायला आठवडा राहिला आणि सांगलीहून तार आली, काकांचे थोरले भाऊ आप्पा अत्यवस्थ. स्वतःच्या गावी जायला काकांना आता व्हिसा काढावा लागला. त्या रांगेतल्या सगळ्यांत त्यांचंच मराठी चांगलं होतं, असं ते म्हणाले. काकूही निघणार होत्या. मग त्याच म्हणाल्या, की तुम्ही जा, बस सुरू होतेय, घरातलं कोणीतरी इथे हवं.

विमानतळावर काकांनी मला तीनतीनदा बजावलं. पहिल्या दिवशी तू तिच्याबरोबर जा. पुढच्या दाराशी बसव. उतरायची दोरी कुठे असते ते दाखव. आणि सगळं मला लिहून कळव.

म्हणून मी लिहिलं.

"तीर्थरूप काकांस, शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पांना आता उतार आहे हे काल फोनवर कळलं. बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे.

बस सोमवारी सकाळी आली. थोडी उशिरा आली, पण आली. रंग पांढरा, वर निळा पट्टा. मिसेस हॉलंड आल्या होत्या. डॉक्टर कर्णिकांची गाडी पलीकडे उभी होती. ते खाली उतरले नाहीत, पण बस जाईपर्यंत थांबले होते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काकूंबरोबर निघालो. काकूंनी ती हिरवी सुती साडी नेसली होती, खांद्याला पिशवी. त्या आधी चढल्या. मी मागोमाग पायरीवर पाय ठेवला, तर त्यांनी वळून हातानंच मला थांबवलं आणि म्हणाल्या, तू तुझ्या लॅबमध्ये जा. मी म्हटलं, काकांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, त्यांना मी बघते. ड्रायव्हर आमच्या दोघांकडे बघत होता. दार लागलं.

काका, खरं सांगतो, मी लॅबमध्ये गेलो नाही. कोपऱ्यावरच थांबलो. परतीची बस आली, त्यात काकू नव्हत्या. पुढचीत नव्हत्या. त्याच्या पुढचीतही नव्हत्या. मी गाडी काढून सगळा मार्ग शोधून आलो. बाजारात बघितलं, लायब्ररीत बघितलं. तुम्हाला काय तोंड दाखवू, असं झालं. मिसेस हॉलंड म्हणाल्या, आता पोलिसांना सांगू या.

ऊन उतरल्यावर एक बस आली आणि काकू उतरल्या. ड्रायव्हरला त्यांनी हात केला, त्यानंही केला. पिशवीत काही नव्हतं. म्हणजे बाजारात गेल्या नव्हत्या. मी रडकुंडीला आलो होतो. विचारलं, काकू, दिवसभर कुठे होता?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, 'सगळं सांगूनच जायचं, तर मग बस कशाला?' आणि पुढे होऊन घराकडे चालू लागल्या. मंगळवारी परत गेल्या. आजही गेल्या आहेत.

तेव्हा त्या कुठे जातात, ते मी तुम्हाला कळवू शकत नाही. मला माहीत नाही. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, की परत आल्यावर तुम्हीही विचारू नका."